रुमालातला कागद

आमच्या शाळेच्या कचेरीत एक लोखंडी कपाट आहे. त्याची किल्ली गेली बारा वर्षे माझ्या खिशात असते. घरच्या कपाटाची किल्ली मात्र अद्याप माझ्या हाती आलेली नाही, हे वाचकांनी ओघातच समजून घ्यावे. शाळेच्या या कपाटात जनरल रजिस्टरे आहेत. नवी मुंबई हे नाव जन्माला येण्यापूर्वी, खाडीकाठच्या या पट्ट्यात भातखाचरे आणि मिठागरे होती तेव्हापासून, गावातले जे जे पोर शाळेची पायरी चढले त्याचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचे कारण त्यांत लिहिलेले आहे. कारणांचा रकाना मी फुरसतीच्या वेळी एखाद्या कादंबरीसारखा वाचतो. 'शेतीकाम', 'परगावी गेला', 'सतत गैरहजर'. एके ठिकाणी नुसतेच 'मयत' असे आहे, वय वर्षे नऊ.

दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडावर, माझी एक जुनी विद्यार्थिनी आपल्या वडिलांना घेऊन आली. मुलगी हुशार. इंजिनियरिंगचा प्रवेश ठरल्यासारखाच होता. अडले होते जातपडताळणीच्या दाखल्यापाशी. इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, आणि तो जितका जुना तितका बळकट. तिच्या पणजोबांनी आमच्याच शाळेत धुळाक्षरे गिरवली होती, असे घरातली म्हातारी माणसे सांगत. त्यांची नोंद सापडली म्हणजे काम झाले!

आता नोंद कपाटात असणार, कपाट माझ्या ताब्यात, मग अडचण कसली? अडचण अशी की, जुन्या रजिस्टरांपैकी दोन वाळवीने कडेकडेने चाखून पाहिली होती, म्हणून काही वर्षांपूर्वी ती सगळीच एका कंत्राटदाराकडून स्कॅन करून घेतलेली. त्या सद्गृहस्थाने काम चोख केले होते. एकूण एक पान संगणकात होते. फक्त प्रत्येक पानाचे नाव 'स्कॅन' असे ठेवून त्यापुढे आकडा घातला होता, आणि पानांचा क्रम पंख्याच्या वाऱ्याने ठरवला असावा. मी मुलीच्या पणजोबांचे नाव त्या यंत्रात टंकले. यंत्राने तत्काळ, न चिडता, शून्य असे उत्तर दिले. खरी रजिस्टरे उघडावीत तर निम्मी मोडीत.

त्याच आठवड्यात गुरुपौर्णिमा होती. माझा एक माजी विद्यार्थी, जो आता महाप्याच्या एका काचेच्या इमारतीत मोठ्या पगारावर आहे, पेढे घेऊन आला. माझी कथा ऐकून तो पोटभर हसला आणि म्हणाला, "सर, आमची कंपनी याच रोगावरचं औषध विकते."

"औषधाचं नाव काय रे?"

"एंटरप्राइझ कंटेंट मॅनेजमेंट."

माझी इंग्रजीची मजल मॅट्रिकपुरती. तेव्हा त्याने मला ते मराठीत उकलून सांगितले. मोठ्या कंपन्यांत, बँकांत, सरकारी खात्यांत रोज कागदांचा पूर येतो. बिले, करार, अर्ज, टपाल. ते कागद यंत्रात घालायचे, प्रत्येकाच्या पाठीवर तो कशाचा, कोणाचा, कोणत्या तारखेचा हे नोंदवायचे, कोणी पाहावा नि कोणी पाहू नये हे ठरवायचे, कोणाच्या संमतीनंतर पुढे कोणाच्या मेजावर जावा ते ठरवायचे, किती वर्षे जपावा आणि केव्हा नष्ट करावा हेही ठरवायचे. एवढे सगळे एकट्याने करणारी आज्ञावली म्हणजे हे औषध. मी म्हटले, "अरे, ही तर फडणिशी झाली!" त्याला वाटले, मी विनोद केला.

विनोद मुळीच नव्हता. पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात भरभराटीच्या दिवसांत दोनशेहून अधिक कारकून राबत. दफ्तराचे दोन मोठे भाग होते. एक चालते दफ्तर, म्हणजे रोजच्या कामाचे. दुसरे एकबेरीज दफ्तर, जिथे सगळ्या प्रांतांचे हिशेब येऊन एकवटत. एकबेरीज पुण्यातून हलत नसे. रोजकीर्दीत दिवसाचा प्रत्येक व्यवहार चढे, तिच्यावरून खतावणी होई, खतावणीवरून ताळेबंद निघे. हुकूम सुटला की तो ज्या ज्या दफ्तरातून जाई तिथे तिथे त्यावर खूण होई. जुन्या पत्रांच्या शेवटी 'बार सूद' अशी अक्षरे दिसतात, ती याच दाखल्याची. आणि 'मर्यादेयं विराजते' हा मोर्तबाचा शिक्का म्हणजे मजकूर इथे संपला, यापुढे कोणी ओळ घुसडील तर ती खोटी. लांब पत्रासाठी कागदाला कागद चिकटवीत, तेव्हा त्या जोडावर पाठीमागून शिक्का मारीत, म्हणजे मधले एखादे पान कोणी बदलू नये. महाप्याच्या इमारतीत यालाच डिजिटल सही म्हणतात आणि तिचे वेगळे पैसे घेतात.

कागद रुमालात बांधत. रुमाल म्हणजे चौकोनी फडके, चारी टोके आवळून बांधलेले. तारखा मात्र सुहूर सनाच्या, त्याही अरबी शब्दांत. 'इहिदे सबैन मया व अलफ' असे दिसले की एक, सत्तर, शंभर आणि हजार यांची बेरीज करावी, 1171 येतात. त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन 1770-71 हाती लागते. असा कागद शोधणाऱ्याला अक्षर यावे लागे, गणित यावे लागे, आणि अमक्या प्रांताचा रुमाल तमक्या फळीवर आहे हे ठाऊक असावे लागे. हे तिसरे ज्ञान कोणत्याच कागदावर लिहिलेले नसे. ते कारकुनाच्या डोक्यात असे.

आणि इथेच सारी गोम आहे. नाना फडणिसांच्या हयातीपर्यंत हे यंत्र चालले. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत दफ्तराकडे दुर्लक्ष झाले, कारकून कमी झाले, लोकांनी कागद घरी नेले तरी हटकणारा कोणी उरला नाही. कागद होते, ते कुठे आहेत हे सांगणारी माणसे पांगली. राज्य 1818 साली गेले असे आपण मुलांना शिकवतो. मला आपले वाटते की, त्याच्या आधी वीसेक वर्षे ते आपल्या दफ्तरातून निघून गेले होते. इतिहासाच्या पंडितांनी या विधानावर रागावू नये. मी पडलो कादंबरीकार.

इंग्रजांना मात्र कागदाची किंमत पुरती कळली होती. त्यांनी पेशव्यांचे दफ्तर ताब्यात घेतले, आणि पुढे 1852 साली इनाम कमिशनला कायद्याचे बळ देऊन त्याच दफ्तराचे हत्यार केले. कमिशनचा प्रश्न साधा होता. तुमच्या वाडवडिलांना ही जमीन इनाम मिळाली म्हणता, सनद दाखवा. सनद नसेल तर आमच्या रुमालात तुमचे नाव आहे का, ते आम्ही पाहू. पाहणार कोण? कमिशनचेच कारकून. ज्याच्या घरी सनद उंदरांनी खाल्ली, ज्याचे घर लुटीत जळाले, ज्याच्या आज्याने कागद विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवला, त्याने काय करावे? दफ्तर इनामदाराला उघडे नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली, देवस्थानाला वा विद्वानाला दिलेली हजारो इनामे अशा चौकशीत खालसा झाली. दक्षिण महाराष्ट्रात 1857 साली जो असंतोष पेटला त्याच्या सरपणात या चौकशीच्या मोळ्याही होत्या. कागद खोटे बोलले नव्हते. पण ते कोणासाठी शोधायचे आणि कोणासाठी नाही, हे शोधणाऱ्याच्या हाती होते.

पुढे कमिशन मोडले, खात्याचे नाव बदलले, पुण्यात त्याच्यासाठी दगडी इमारत झाली. तिला एलिएनेशन ऑफिस म्हणत. लोक आपले पेशवे दफ्तरच म्हणत राहिले आणि आता ते पुणे पुरालेखागार झाले आहे. तिथले रुमाल दशसहस्रांत मोजावे लागतात आणि कागद कोटींत. अभ्यासकांना तिथे शिरकाव मिळणे दुरापास्त होते. तेव्हा राजवाड्यांसारखा माणूस गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यांवरून कागद गोळा करी. त्यांच्या साधनांचा पहिला खंड 1898 साली निघाला तो असाच. अखेर गो. स. सरदेसाई उतारवयात, बडोद्याची नोकरी संपवून, त्या रुमालांच्या डोंगरात उतरले आणि 1930 ते 1934 या काळात निवडक कागदांचे 45 भाग छापून बाहेर आले. कोटींतून वेचलेले काही हजार कागद! बाकीचे रुमाल बव्हंशी आपली गाठ तशीच बांधून बसले आहेत.

आमच्या गुरुपौर्णिमेच्या पाहुण्याने हे सारे ऐकून घेतले आणि मग आपल्या धंद्याचा इतिहास सांगितला. तो मला पेशवाईपेक्षाही करमणुकीचा वाटला. अमेरिकेत 1943 साली मायक्रोफिल्मवाल्यांची एक संघटना निघाली. फिल्म गेली, संगणक आले, संघटनेने नाव बदलले आणि 2000 सालाच्या सुमारास 'एंटरप्राइझ कंटेंट मॅनेजमेंट' हे बारसे केले. पुढे सतरा वर्षांनी, 2017 साली, गार्टनर नावाच्या सल्लागार कंपनीने जाहीर केले की हा विषय मेला. इथून पुढे त्याला 'कंटेंट सर्व्हिसेस' म्हणावे. कोणी सुतक पाळले नाही. दुसऱ्या दिवशी तेच लोक, त्याच खुर्च्यांवर, तेच विकत होते. फक्त माहितीपत्रके नवी छापली.

विकणारेही एकमेकांना विकतात. डॉक्युमेंटम नावाची एक कंपनी 1990 साली जन्मली. 2003 साली तिला ईएमसीने घेतले. 2016 साली डेलने ईएमसीच घेतली. 2017 साली डॉक्युमेंटम ओपनटेक्स्टच्या गोठ्यात गेली. फाइलनेट 1982 ची. ती 2006 साली आयबीएमने घेतली. दावे बदलते, म्हैस तीच, आणि दूध काढायला गिऱ्हाइकाचा तोच कारकून. त्यातल्या त्यात ओपनटेक्स्टचे मूळ मला आवडले. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात ऑक्सफर्डच्या भल्याथोरल्या शब्दकोशातून हवा तो शब्द झटकन शोधण्याचे तंत्र रचले गेले, त्यातून 1991 साली ही कंपनी निघाली. म्हणजे शब्द शोधायला निघालेली माणसे बिले शोधू लागली. आम्हा लेखकांचेही शेवटी तेच होते.

"मग तुमच्या औषधानं गुण येतो का?" मी विचारले.

तो जरा गंभीर झाला. म्हणाला, "सर, खरं सांगू? यंत्र बसवायला सहा महिने लागतात. कागदाच्या पाठीवर काय लिहायचं, हे ठरवायला दोन वर्षं. ते कोणाला नको असतं. साहेबांना वाटतं, स्कॅन केलं की झालं."

स्कॅन केलेले व्यर्थ असते असे मात्र कोणी समजू नये. मंत्रालयाला 21 जून 2012 रोजी आग लागली. पाच माणसे दगावली, वरच्या मजल्यांवरच्या फायलींची राख झाली. त्या दिवसानंतर कागदाची दुसरी प्रत कुठेतरी हवी, हे कोणाला पटवून द्यावे लागले नाही. सातबाराही संगणकावर गेला, आणि 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या मिळू लागला. पण त्याच्या आदल्या वर्षी काय झाले ते पाहा. संगणकात चढवलेल्या सातबारांत चुका राहिल्या होत्या. त्या हुडकण्यासाठी सरकारने 2017 साली गावोगाव चावडीवाचन ठेवले. म्हणजे तलाठ्याने उतारे मोठ्याने वाचायचे आणि गावकऱ्यांनी ऐकून "हे चुकलं" म्हणायचे. लाखो उताऱ्यांच्या यंत्राला शेवटी चावडीवर बसलेल्या म्हाताऱ्याचा कान लागला. सप्टेंबर 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदींसाठी जुनी दफ्तरे उपसली जाऊ लागली, तेव्हाही तसेच. जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्या माणसांना एकाएकी असा भाव आला की, काल ज्यांना घरात कोणी विचारत नव्हते त्यांना आणायला जीपगाड्या जाऊ लागल्या.

आम्हालाही असेच एक गुरुजी भेटले. वय पंच्याऐंशीच्या पुढे, पनवेलकडचे, प्राथमिक शाळेत मोडी शिकलेले. माझा विद्यार्थी त्यांना आपल्या मोटारीतून घेऊन आला. त्यांनी संगणकाच्या पडद्याकडे पाहिले, मान हलवली आणि म्हणाले, "अहो, मूळ वही द्या. शाईचा रंग पाहावा लागतो." मग खिडकीपाशी खुर्ची ओढून ते वाचू लागले आणि आम्ही तिघे, म्हणजे मी, मुलगी आणि तिचे वडील, ऐकू लागलो.

पहिल्या दिवशी काही मिळाले नाही. दुसऱ्या शनिवारी, साडेअकराच्या सुमारास, गुरुजी एका ओळीवर थांबले. पणजोबांचे घरात नाव पांडुरंग. सगळे दाखले त्याच नावाचे. वहीत होते 'पांडू', आडनावाचा पत्ता नाही, मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, आणि मास्तरांनी पुढची दोन अक्षरे एका फटकाऱ्यात ओढलेली. यंत्रात पांडुरंग शोधून जन्मात सापडला नसता. गुरुजींनी बापाचे नाव वाचले आणि मुलीचे वडील खुर्चीवरून उठले. जात लिहिलेली होती. शाळा सोडल्याचे कारण, 'मिठागरावर जातो'.

मुलगी काही बोलली नाही. तिने त्या ओळीचा फोटो काढला, मग पुन्हा वाकून, हात न लावता, नुसती पाहत राहिली.

तिला दाखला वेळेत मिळाला. गुरुजी मात्र थांबले नाहीत. ते दर शनिवारी येतात, वाचतात. माझा महाप्याचा विद्यार्थी रजा असेल तेव्हा समोर बसून प्रत्येक पानाच्या 'स्कॅन'पुढे नाव, बापाचे नाव, गाव आणि साल चढवतो, त्याचे पैसे घेत नाही, आणि त्याच्या साहेबांना हे ठाऊक नाही. आम्ही 1938 सालापर्यंत आलो आहोत. दिवाळीच्या सुटीत शाळा बंद असते, पण किल्ली माझ्याकडे आहे. गुरुजींनी विचारले आहे की, भाऊबीज उरकली की येऊ का.