लाल गोळीची गोष्ट

 

आज एका गोळीची गोष्ट सांगायची आहे. आशाताई गरोदर बाईला देतात ती लाल गोळी. लोहाची गोळी म्हणतो आपण तिला, पण तिच्यात लोहाबरोबर आणखी एक औषध असतं, फॉलिक अॅसिड. त्याचा शोध कसा लागला हे आम्हाला इतकी वर्षं माहीत नव्हतं. शोधावं लागलं, त्याला कारण घडलं.

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका गटातल्या बाईची सून सातव्या महिन्यात पाणी भरताना चक्कर येऊन पडली. तपासलं तर रक्त सातच्याही खाली. तालुक्याला नेलं, रक्त चढवलं, नवऱ्याची दोन दिवस पळापळ झाली. बाई वाचली. पण चार दिवसांनी सासूबाईंनी ज्वारीचा डबा रिकामा केला, तर तळाशी गोळ्यांची पाकिटं निघाली. एकही गोळी फोडलेली नाही.

पुढच्या बैठकीत आम्ही विचारलं, "खरं सांगा, बाळंतपणाच्या वेळी गोळ्या कुणी कुणी पूर्ण खाल्ल्या?" सव्वीस बायांत पाच हात वर झाले. बाकीच्यांची कारणं तुम्हालाही माहीत आहेत. मळमळतं. शौचाला काळं होतं. बाळ मोठं होऊन अडतं. बाळ काळं होतं. आणि एक आजी म्हणाल्या, "फुकटची गोळी ती. कुणी कुठं बनवली, कशाला बनवली, काय ठाऊक?"

आजींचा प्रश्न आम्हाला पटला. कुठून आली ही गोळी? शोधत गेलो, तर गोष्ट निघाली मुंबईच्या परळची.

साल १९२८. गिरण्यांची मुंबई. कोकणातून, घाटावरून माणसं पोटासाठी आलेली. एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडं. हजारो बाया गिरणीत कामाला. त्या वर्षी गिरण्यांचा मोठा संप झाला आणि कित्येक महिने चालला. त्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बाईला बाळंतपणात पगारी सुट्टी मिळावी असं विधेयक आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूनं भाषण केलं आणि १९२९ मध्ये तसा कायदा झाला. आपल्या देशातला अशा प्रकारचा तो पहिला कायदा.

हे सगळं चाललेलं असताना बाया मात्र बाळंतपणात मरत होत्या. पोटात बाळ असताना बाई पांढरीफटक पडायची, धाप लागायची, पायावर सूज चढायची, आणि बाळंत होण्याआधी किंवा नंतर जायची. काय होतंय हे कळावं म्हणून भारतात पुष्कळ वर्षं काम केलेल्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी एक चौकशी सुरू केली होती. तिच्यासाठी इंग्लंडहून एक बाई डॉक्टर आल्या. नाव ल्युसी विल्स. वय चाळीस. त्या केंब्रिजला शिकल्या. तिथं त्या काळी मुलींना परीक्षा देता यायची, पण पदवी मिळायची नाही. पुढं लंडनच्या बायकांच्या वैद्यकीय कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या आणि रक्ताच्या आजारांचा अभ्यास करू लागल्या.

परळला हाफकिन संस्था आहे. प्लेगच्या लशीमुळे तिचं नाव आपल्या आज्या-पणज्यांनाही ठाऊक होतं. तिथं ल्युसीबाईंचं काम सुरू झालं. आजारी बायांचं रक्त त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात. लोह कमी पडलं तर त्या लहान आणि फिकट होतात. या बायांच्या पेशी मात्र नेहमीपेक्षा मोठ्या होत्या, आणि संख्येनं फार कमी. भाकरीच्या पिठाचे गोळे वेळेवर तोडले नाहीत तर भाकऱ्या मोठ्या-मोठ्या होतात आणि चारच भरतात, तसं. पेशीची नीट विभागणीच होत नव्हती. म्हणजे नुसतं लोह देऊन भागणार नव्हतं. दुसरं काहीतरी कमी होतं.

आता पुढची गोष्ट आम्हाला सगळ्यांत मोलाची वाटते. ल्युसीबाई प्रयोगशाळेत बसून राहिल्या नाहीत. या बाया राहतात कुठं, काम काय करतात, आणि खातात काय, याची त्यांनी पाहणी केली. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांत माणेक मेहता आणि तळपदे अशी आपल्याकडची नावं होती. हा आजार मुंबईतल्या गरीब मुसलमान बायांत जास्त दिसत होता. एकाच समाजातल्या खाऊनपिऊन बऱ्या असलेल्या घरांत कमी, आणि हातावर पोट असलेल्या घरांत जास्त. तेव्हा दोष जातीचा-धर्माचा नव्हता, हवेचाही नव्हता. दोष ताटाचा होता. त्या ताटात पालेभाजी, फळ, दूध, मांस यांचा पत्ताच नसायचा.

मग त्यांनी उंदरांना अगदी त्या बायांसारखंच जेवण दिलं. उंदीर आजारी पडले. पण नंतर कळलं की उंदरांच्या अंगावरच्या उवांमुळे त्यांना दुसराच रोग झाला होता. एवढी मेहनत, आणि निकाल धरता येईना. त्या खचल्या नाहीत. माकडांवर तोच प्रयोग केला. अ आणि क जीवनसत्त्व देऊन पाहिलं, त्यानं रक्त वाढलं नाही.

त्या काळी एका वेगळ्या पंडुरोगावर कलेजीचा उपाय अमेरिकेत नुकताच सापडला होता. तो शोधणाऱ्यांना पुढं १९३४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. कलेजीचा अर्क या बायांनाही लागू पडत होता. पण तो महाग. गिरणीतल्या बाईला कुठला परवडणार?

तेव्हा ल्युसीबाईंनी मार्माइट वापरून पाहिलं. दारूच्या कारखान्यात बिअर गाळल्यावर खाली यीस्टचा गाळ उरतो. त्यापासून इंग्लंडात काळपट, चिकट, खारट चाटण करतात, ते पावाला लावून खातात. त्याला म्हणतात मार्माइट. स्वस्त वस्तू. ते दिल्यावर आजारी माकड सुधारलं. मग आजारी बायांना दिलं. थोड्याच दिवसांत रक्तात नव्या पेशी दिसायला लागल्या, बाया उठून बसू लागल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे इंग्लंडच्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून जगाला सांगितलं.

मार्माइटमध्ये नेमकं काय आहे, हे तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं. पुढं त्यांनी दाखवून दिलं की कलेजीचा अर्क फार शुद्ध केला तर या बायांवर त्याचा गुण येत नाही, ओबडधोबड अर्काचा मात्र येतो. म्हणजे शुद्ध करताना जे निघून जात होतं तेच या बायांना हवं होतं. त्या अनोळखी वस्तूला लोक 'विल्स घटक' म्हणू लागले.

१९४१ मध्ये अमेरिकेत शास्त्रज्ञांनी चार टन पालकातून ही वस्तू चिमूटभर वेगळी काढली. लॅटिन भाषेत पानाला 'फोलियम' म्हणतात, त्यावरून तिचं नाव पडलं फॉलिक अॅसिड. म्हणजे औषधाच्या नावातच पालेभाजी आहे बघा. नंतर १९४५ च्या सुमारास ते कारखान्यात तयार करता येऊ लागलं. ज्या गटानं ते केलं त्याचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमवरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतरानं स्प्रू नावाच्या पोटाच्या आजारानं गेले होते. त्या आजारावरही हेच फॉलिक अॅसिड उपयोगी पडलं.

आपल्या देशात १९७० मध्ये रक्तक्षय रोखण्याचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला आणि लोह व फॉलिक अॅसिडची गोळी गावापर्यंत आली. तेव्हा त्या आजींना आम्ही सांगितलं, "आजी, ही गोळी परकी नाही. मुंबईच्या कष्टकरी बायांच्या आजारातून ती जन्मली. त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, पण त्यांच्या रक्तातून मिळालेलं उत्तर आपल्या हातात आहे." आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या बायांनी आपल्याला आहेर केला म्हणायचा."

गोष्ट इथं संपत नाही. १९९१ मध्ये आणखी एक मोठी गोष्ट पक्की झाली. काही बाळं पाठीचा मणका उघडा घेऊन किंवा डोकं अपुरं घेऊन जन्मतात. गावात त्याला ग्रहण लागलं म्हणतात आणि आईला दोष देतात. सात देशांतल्या बायांवर अभ्यास झाला. आधी असं बाळ झालेल्या बायांनी दिवस जाण्याच्या आधीपासून फॉलिक अॅसिड घेतलं, तर पुन्हा तसं होण्याचा धोका जवळजवळ तीन चतुर्थांशानं कमी झाला. बाळाचा मणका बनतो तो पहिल्या अठ्ठावीस दिवसांत, आपल्याला पाळी चुकल्याचं कळतं न कळतं तोवर. म्हणून लग्न झालेल्या, मूल हवं असलेल्या मुलींनी आधीपासून फॉलिक अॅसिड घ्यायला हवं. उपकेंद्रात विचारा. शाळेतल्या मुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी मिळते, तीही याच कामाची. ती दप्तरात पडून राहू देऊ नका.

मग प्रश्न येतो, गोळी असताना खाण्याची काळजी कशाला? किंवा उलटं, चांगलं खाल्लं तर गोळी कशाला? बैठकीत यावर बराच वाद झाला. आम्हाला ल्युसीबाईंच्या कामातून कळलं ते असं. रोजची झीज भरून काढायची ती ताटातून. पण गरोदरपणात गरज इतकी वाढते की आपल्यासारख्यांच्या ताटातून ती पुरी होत नाही, तेव्हा गोळी लागतेच. आणि ज्याची शरीरात कमतरता नाही, ते वरून घालून काही जास्तीचं आयुष्य मिळत नाही. आमच्या एका गटात हजार-बाराशेचे पावडरचे डबे हप्त्यानं विकायला एक माणूस आला होता. "सगळे रोग जातात," म्हणाला. त्या पैशात घरात किती शेंगदाणे, किती मूग आले असते याचा हिशोब आम्ही फळ्यावर मांडला. त्यानंतर डबा कुणी घेतला नाही.

फॉलिक अॅसिड आपल्या रानातच आहे. मेथी, पालक, राजगिरा, तांदुळजा, हरभऱ्याचा पाला. मूग, मटकी, हरभरा, चवळी. शेंगदाणे. पण एक चूक आपण पिढ्यान्‌पिढ्या करतो. पालेभाजी भरपूर पाण्यात उकडतो, पिळतो आणि पाणी ओतून देतो. हे जीवनसत्त्व पाण्यात उतरतं आणि फार शिजवलं की नासतं. म्हणून भाजी आधी धुवा, मग चिरा, झाकण ठेवून थोडक्यात शिजवा. उकडलंच तर ते पाणी डाळीत घाला किंवा भाकरीचं पीठ मळायला घ्या.

लाल गोळीबद्दलही सांगतो. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून रोज एक, एकशे ऐंशी दिवस, आणि बाळंतपणानंतरही एकशे ऐंशी दिवस. मळमळत असेल तर रात्री जेवल्यावर घ्या. चहाबरोबर घेऊ नका, चहानं लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या. लिंबू किंवा आवळा बरोबर असला तर उत्तम. शौचाला काळं होतं ते लोहामुळे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बाळाचा रंग गोळीनं बदलत नाही. आणि गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, कारण जंत, मलेरिया, सिकलसेल, बी-बारा कमी असणं, अशी दुसरी कारणं असू शकतात. बी-बारा कमी असताना नुसतं फॉलिक अॅसिड घेत राहिलं तर मूळ दुखणं झाकलं जातं.

शेवटचं एक. ल्युसी विल्स १९६४ मध्ये वारल्या. त्यांच्या शोधाला आता नव्वदहून अधिक वर्षं झाली. तरीही सरकारच्याच पाहणीत, २०१९ ते २१ मध्ये, आपल्या देशातल्या शंभरातल्या सत्तावन्न बायांचं रक्त कमी निघालं. औषध सापडलं, गोळी फुकट मिळते, मग अडलं कुठं? आम्हाला वाटतं, परळला ल्युसीबाईंनी विचारलेला प्रश्न आपल्या घरात अजून कुणी विचारत नाही. तू काय जेवलीस? सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेल्यात उरलेलं खरवडून खाणारी बाई घराघरात आहे. तिच्या वाट्याला रस्सा येतो, भाजी येत नाही.

म्हणून आमच्या सहा गटांनी ठरवलंय. मासिक बैठकीत बचतीचा हिशोब झाला की प्रत्येकीनं सांगायचं, काल रात्री ताटात काय होतं, आणि कितव्या पंगतीला जेवली. गरोदर सुनेची सासू गटात असेल तर तिनं गोळीचं रिकामं पाकीट आणून दाखवायचं. ज्वारीच्या डब्यात पाकिटं सापडली ना, त्या सासूबाईंनीच हे सुचवलं. त्यांची नात आता पाच महिन्यांची आहे. सून अजून लाल गोळी घेते, रात्री जेवल्यावर. आणि जेवायला ती आता सगळ्यांच्या बरोबर बसते.

तुमच्या गटातही या महिन्यात एवढं करून बघा. काय निघालं ते आम्हाला कळवा.