‘गिरजा’तला र

गोव्यात, सासष्टीतल्या राशोल गावी मी एका आजीला विचारलं, ‘गिरजाघर कुठं?’ ‘इगर्ज न्हय?’ म्हणत तिनं वाट दाखवली. तिच्या त्या ‘इ’नं मला पुढं कित्येक महिने शब्दकोश चाळायला लावले.

‘गिरजा’ म्हणजे गिरिजा, पार्वती. मेरीमातेचं देऊळ पाहून लोकांनी त्याला गिरिजेचं घर म्हटलं, अशी एक व्युत्पत्ती ऐकू येते. गोड आहे, पण खरी नाही. मूळ पोर्तुगीज ‘इग्रेजा’, आणि त्याचा साक्षीदार ‘र’. ग्रीक ‘एक्लेसिया’, तेच लॅटिनमध्ये, स्पॅनिश ‘इग्लेसिया’: सगळीकडे ल. पोर्तुगीजांच्या जिभेवर जोडाक्षरातला असा ल पुष्कळदा र होतो. स्पॅनिश ‘ब्लांको’, म्हणजे पांढरा, त्यांच्याकडे ‘ब्रांको’. पार्वतीचा इथं संबंध उरतच नाही.

मग आजीचा ‘इ’ कुठं गेला? आरंभीचा स्वर गळणं आपल्याला नवं नाही. अरण्याचं रान झालं, अरघट्टाचा रहाट. पण कोकणीनं हा ‘इ’ राखला आणि बंगालीनं गाळला; तिकडं ‘गिर्जा’ म्हणतात. पोर्तुगीज हुगळीकाठीही होते, बंडेलचं चर्च त्यांचंच. म्हणून माझं ठाम मत: ‘गिरजाघर’ हिंदीत आलं ते बंगालकडून, आणि आपल्याकडे हिंदीतून. 1616 मध्ये थॉमस स्टीफन्सचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ ज्या राशोलला छापलं गेलं, तिथला शब्द आपल्याला असा देशाला वळसा घालून मिळाला! गिरिजेनं वाटेत उच्चाराला आधार दिला असेल, एवढंच मी मानतो.

‘चर्च’चं कूळ वेगळं. तेही ग्रीकच, पण अर्थ ‘प्रभूचं’. ‘एक्लेसिया’ म्हणजे मात्र अथेन्सच्या नागरिकांची सभा. गोव्यातल्या गावच्या इगर्जेत शिरलं की हा अर्थ डोळ्यांना दिसतो. जांभ्याच्या जाड भिंती, वर चुना, खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं, त्यांतून झिरपणारा दुधी उजेड, आणि आत बहुधा मधे खांब नसलेलं एकच लांब दालन. आपल्या देवळात गाभारा मुख्य, इथं सभामंडपच सारं काही. वेदी पार टोकाला.

वाड्यावरच्या लहान प्रार्थनास्थळाला तिथं कोपेल म्हणतात. इगर्ज ती साऱ्या पॅरिशची, रविवारी गाव जमतो ती.