तिकिटावरचे दुसरे नाव

मे 1832 मध्ये बाल्टिमोरला अमेरिकेच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे पहिले राष्ट्रीय अधिवेशन भरले. अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठी ते भरलेच नव्हते. अँड्र्यू जॅक्सन पुन्हा उभे राहणार हे सगळे धरूनच चालले होते. राज्याराज्यांत त्यांच्या नावाचे ठराव आधीच झाले होते आणि अधिवेशनाने त्यांवर फक्त मान डोलावली. प्रश्न होता दुसऱ्या नावाचा. उपाध्यक्ष जॉन कॅल्हून आणि जॅक्सन यांच्यातून विस्तव जात नव्हता. मार्टिन व्हॅन ब्यूरन यांना ब्रिटनमध्ये राजदूत म्हणून पाठवण्याची जॅक्सन यांची शिफारस त्याच वर्षी जानेवारीत सिनेटपुढे आली, मते समसमान पडली आणि कॅल्हून यांनी आपल्या निर्णायक मताने ती फेटाळली. जॅक्सन यांनी मग याच व्हॅन ब्यूरन यांना कॅल्हून यांच्या खुर्चीवर बसवायचे ठरवले. अधिवेशनाने ते मानले, पण पेनसिल्व्हेनियाच्या डेमोक्रॅटांनी मानले नाही. त्या राज्याच्या तीसही निर्वाचकांनी, म्हणजे राज्यातर्फे अध्यक्ष-उपाध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींनी, अध्यक्षपदासाठी जॅक्सन यांना मत दिले आणि उपाध्यक्षपदासाठी आपल्याच राज्यातल्या विल्यम विल्किन्स यांना. त्यामुळे जॅक्सन यांना 219 निर्वाचक मते मिळाली, व्हॅन ब्यूरन यांना 189.

असे मत फोडता येत होते ते 1804 च्या बाराव्या घटनादुरुस्तीमुळे. त्याआधी प्रत्येक निर्वाचक अध्यक्षपदासाठीच दोन मते देई आणि दुसऱ्या क्रमांकाचा माणूस उपाध्यक्ष होई. या रीतीने 1796 मध्ये जॉन अ‍ॅडम्स यांच्या पदरात त्यांचेच प्रतिस्पर्धी थॉमस जेफरसन पडले. 1800 मध्ये तर जेफरसन आणि त्यांचे सहकारी अ‍ॅरन बर यांना प्रत्येकी 73 मते पडली आणि तिढा सोडवायला प्रतिनिधिगृहात 36 वेळा मतदान घ्यावे लागले. दुरुस्तीने दोन पदांची मते वेगळी केली. पक्षांनी लगेच ती पुन्हा एका तिकिटावर बांधली, आणि दुसरी जागा वजन सांभाळायला वापरायची हा शिरस्ता पडला: उमेदवार उत्तरेचा असला तर जोडीदार दक्षिणेचा, एका गटाचा असला तर जोडीदार रुसलेल्या गटाचा. जोडीदार म्हणजे ज्यांचा मुख्य उमेदवारावर भरवसा नाही त्यांच्या हाती दिलेली हमी.

नेता लोकानुनयी असला की या हमीचा अर्थ बदलतो. 'प्रस्थापितांविरुद्ध तुमचा माणूस' ही त्याची सगळी पत असते. त्याच्या अनुयायांना हमीची गरज नसते. हमी दिली जाते ती प्रस्थापितांना, आणि अनुयायी ती उघड्या डोळ्यांनी पाहत असतात. ही तडजोड त्यांना बोचते, पण म्हणून ते नेत्याला सोडत नाहीत. ते मनातल्या मनात, आणि कायद्याने मुभा असेल तर मतपत्रिकेवरही, जोडी फोडतात. नेत्यावर काढता न येणारा राग जोडीदाराच्या वाट्याला येतो.

याचा सर्वांत स्पष्ट दाखला 1896 चा. शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणातून उभी राहिलेली पीपल्स पार्टी, म्हणजे मूळचे पॉप्युलिस्ट, 1892 मध्ये दहा लाखांहून अधिक मते आणि 22 निर्वाचक मिळवून गेली होती. बँका, रेल्वे कंपन्या आणि सोन्याचे चलन हे तिचे तीन वैरी. जुलै 1896 मध्ये शिकागोच्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात 36 वर्षांच्या विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी चांदीच्या नाण्यांच्या बाजूने भाषण करून उमेदवारी खेचून आणली. पॉप्युलिस्टांचा मुद्दाच दुसऱ्या पक्षाने पळवला होता. ब्रायन यांना पाठिंबा दिला तर पक्ष बुडणार, न दिला तर चांदीची मते फुटून सोनेवाले जिंकणार. त्यात डेमोक्रॅटांनी जोडीदार दिला तो मेन राज्यातल्या बाथ गावचा जहाजबांधणीतला धनाढ्य आर्थर सूअल. सूअल चांदीच्या बाजूचे होते खरे, पण बँक आणि रेल्वे या दोन्हींच्या कारभारात होते. तीनपैकी दोन वैरी एकाच माणसात.

त्याच महिन्यात सेंट लुईसला पॉप्युलिस्टांचे अधिवेशन भरले तेव्हा प्रतिनिधींनी क्रमच उलटवला. आधी उपाध्यक्षपदाचा उमेदवार निवडायचा, मग अध्यक्षपदाचा. जॉर्जियाचे टॉम वॉटसन यांना त्यांनी दुसरी जागा दिली आणि त्यानंतरच ब्रायन यांना पहिली. ब्रायन यांनी तारेने कळवले होते की सूअल नसतील तर आपले नावही नको. ती तार सभेपुढे वाचलीच गेली नाही. वॉटसन स्वतः तिथे नव्हते. सूअल माघार घेतील या समजुतीने त्यांनी दुरूनच होकार दिला. सूअल हटले नाहीत. मग एका नेत्यामागे दोन जोडीदार, राज्यागणिक निर्वाचकांच्या जागांची वाटणी आणि प्रचारभर धुसफूस असा मामला झाला. सरतेशेवटी ब्रायन यांना 176 निर्वाचक मते पडली, त्यांतली 149 सूअल यांना आणि 27 वॉटसन यांना. रिपब्लिकन उमेदवार मॅकिन्ली 271 मते मिळवून जिंकले. दक्षिणेतल्या पॉप्युलिस्टांनी डेमोक्रॅटांची दडपशाही वर्षानुवर्षे सोसली होती. संसदेतली जागा वॉटसन यांच्या हातून गेली तीही बोगस मतदानाच्या गदारोळात. तरी ब्रायन हे नाव त्यांनी गिळले, सूअल मात्र गिळवला नाही. मला यात नुसता हट्ट दिसत नाही. आपण विकले गेलो नाही हे नोंदवायला तिकिटावर तेवढीच जागा उरली होती.

यावर आक्षेप येईल की हे सगळे निर्वाचकांचे आणि प्रतिनिधींचे डावपेच. सामान्य मतदाराच्या मनाचा थांग त्यातून लागत नाही. आक्षेपात तथ्य आहे, कारण अमेरिकेत मतदाराला दोन नावे वेगळी करताच येत नाहीत. फिलिपीन्समध्ये येतात. तिथे 2016 मध्ये रॉड्रिगो दुतेर्ते यांना सुमारे 1 कोटी 66 लाख मते मिळाली आणि त्यांचे अधिकृत जोडीदार अ‍ॅलन पीटर कायेतानो यांना सुमारे 59 लाख. कायेतानो तिसरे आले, निवडून आल्या त्या विरोधी गटाच्या लेनी रोब्रेदो. म्हणजे दुतेर्ते यांच्या किमान एक कोटी मतदारांनी त्यांच्या अधिकृत जोडीदाराकडे पाठ फिरवली. मोकळीक मिळाली की सामान्य मतदारही तेच करतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: 1968 चा. वंशभेदाचे पाठीराखे जॉर्ज वॉलेस तिसऱ्या पक्षातर्फे उभे होते. केंटकीचे माजी गव्हर्नर हॅपी चँडलर यांना घ्यायचा त्यांचा विचार होता. पण चँडलर बेसबॉलचे आयुक्त असताना जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू मोठ्या लीगमध्ये आला होता. समर्थक बिथरले आणि चँडलर बाद झाले. मग 3 ऑक्टोबरला पिट्सबर्गमध्ये जनरल कर्टिस लेमे यांचे नाव जाहीर झाले आणि त्याच पत्रकार परिषदेत लेमे अण्वस्त्रांविषयी बोलत सुटले. वॉलेस यांचा पाठिंबा वीस टक्क्यांच्या आसपास होता, तो मतदानापर्यंत साडेतेरावर आला. जोडीदाराने नेत्याला बुडवल्याचे हे उदाहरण नव्हे का? काही अंशी आहे. पण त्याच आठवड्यांत कामगार संघटनांनी उत्तरेतल्या गोऱ्या कामगारांत वॉलेसविरोधी मोहीम जोरात चालवली होती, आणि जिंकू न शकणाऱ्याला मत कशाला हा हिशेब तिसऱ्या पक्षाला शेवटी भोवतोच. निसटले ते मुख्यतः काठावरचे. दक्षिणेतली पाच राज्ये वॉलेस यांच्याकडेच राहिली. माझ्या मते त्या प्रकरणातला खरा धडा चँडलर यांचा आहे. नेत्याचा शब्द झेलणाऱ्या अनुयायांनी दुसऱ्या नावावर मात्र नकाराधिकार वापरला. क्रिस्टोफर डिव्हाइन आणि काइल कोपको या अभ्यासकांनी जोडीदारांच्या परिणामाची बारकाईने छाननी केली आहे. त्यांचा निष्कर्षही असा की जोडीदार स्वतःच्या बळावर फारशी मते हलवत नाही. त्याच्या निवडीवरून लोक मुख्य उमेदवाराला जोखतात.

जोडीदार स्वतः निवडण्याचा हक्क उमेदवाराकडे आला तो 1940 पासून, फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी हेन्री वॉलेस नसतील तर उमेदवारी नाकारण्याची धमकी दिल्यावर. तोवर दोष पक्षाच्या माथी मारता येई. आता निवड नेत्याची, म्हणून दोषही त्याचाच असायला हवा. प्रत्यक्षात तसे होत नाही. डोनाल्ड ट्रम्प यांनी 2016 मध्ये माइक पेन्स यांना घेतले. धार्मिक मतदारांना आणि पक्षातल्या जुन्या मंडळींना दिलेली ती उघड हमी होती. अनुयायांनी चार वर्षे पेन्स यांना निमूट चालवून घेतले. 6 जानेवारी 2021 रोजी पेन्स यांनी 2020 च्या निवडणुकीचा निकाल उलटवायला नकार देताच त्यांना फाशी द्या अशा ट्रम्प समर्थक जमावाच्या घोषणा संसद इमारतीत घुमल्या. पेन्स यांना निवडले कोणी, हा प्रश्न त्या जमावाला पडला नाही. पुढे पेन्स यांनी ट्रम्प यांना पाठिंबा नाकारला, तरी ट्रम्प यांची मते 2020 च्या 46.8 टक्क्यांवरून 2024 मध्ये 49.8 वर गेली. महागाईसारखी कारणे त्यामागे होतीच, पण पेन्स यांची साथ सुटल्याचा घाटा कुठे दिसला नाही.

2024 ची निवड या रीतीला सोडून आहे. 39 वर्षांच्या जे. डी. व्हान्स यांनी प्रस्थापितांना कसलीच हमी दिली नाही. एके काळी ट्रम्प यांच्यावर तुटून पडलेला हा माणूस 2022 मध्ये त्यांच्याच पाठिंब्याने सिनेटवर गेला होता. त्यांच्या रूपाने अनुयायांपुढे वारस ठेवला गेला. नेत्याच्या चुकांचे खापर फोडायला असलेली जागा इथे नेत्याच्या प्रतिरूपाने अडवली आहे. आणि बाविसाव्या घटनादुरुस्तीमुळे दोनदा निवडून आलेले ट्रम्प पुन्हा निवडून येऊ शकत नाहीत, तेव्हा व्हान्स यांना कधी पहिल्या जागेवर उभे राहायचे झाले तर हेच अनुयायी त्यांच्या जोडीदाराकडे बारीक नजरेने पाहतील.