अंगणातली माँटेसरी : ताराबाई, अनुताई आणि आपली अंगणवाडी

मागच्या महिन्यात माझी भाची दोन वर्षांची झाली. मामाने काहीतरी भारी द्यायला हवं, म्हणून फोनवर खेळणी शोधायला घेतली. स्क्रीनवर सगळीकडे एकच शब्द: माँटेसरी. माँटेसरी मनोरा, माँटेसरी ठोकळे, बटणं लावायचा माँटेसरी बोर्ड. मी दीड हजारांचा लाकडी सेट मागवला. भाचीने तो दहा मिनिटं उलटापालटा केला आणि सरळ आजीजवळ जाऊन बसली. आजी मटार सोलत होती. पुढचा अर्धा तास ही बाई एका वाटीतले दाणे दुसऱ्या वाटीत टाकत होती. एकेक दाणा, एकदम मन लावून.

तेव्हा हसलो. पण मग आजच्या भागासाठी वाचायला बसलो आणि लक्षात आलं की महागडा 'माँटेसरी' शब्द आणि आपल्या गावातली 'अंगणवाडी' हे जवळचे नातेवाईक आहेत. आज त्या नात्याची गोष्ट.

सुरुवात रोममध्ये. 1907 साली मारिया माँटेसरी या डॉक्टर बाईंनी तिथल्या गरीब वस्तीत एक बालगृह सुरू केलं. पॉइंट लक्षात ठेवा: गरीब वस्तीत! त्यांचं म्हणणं असं की लहान मूल हाताने शिकतं. पाणी ओतणं, झाडणं, बटण लावणं ही त्याच्यासाठी नुसती कामं नाहीत, तोच त्याचा अभ्यास. पुढे या पद्धतीची खास साधनं तयार झाली. ठरावीक मापाची, नीट घडवलेली आणि अर्थातच महाग.

हे विचार पुस्तकांतून गुजरातमध्ये पोचले. भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे वकील होते. मुलगा झाल्यावर ते बालशिक्षणाकडे वळले आणि 1920 मध्ये त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं. तिथे 1923 मध्ये त्यांना येऊन मिळाल्या ताराबाई मोडक. मुंबईत जन्मलेल्या, त्या काळात बी.ए. झालेल्या. दोघांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे ताराबाई मुंबईला परतल्या आणि दादरला शिशुविहार उभं राहिलं.

आता इथे त्या थांबल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्यांना एक गोष्ट खुपत होती. हे सगळं ज्यांना परवडतं त्यांच्याच मुलांना मिळतंय. खेड्यातल्या मुलाचं काय?

म्हणून 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या. डहाणूजवळचं समुद्रकाठचं गाव, तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. सोबत अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांत वैधव्य आलेल्या अनुताई जिद्दीने शिकून शिक्षिका झाल्या होत्या.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण दलित आणि आदिवासी वस्तीतली मुलं येईनात. आईबाप दिवसभर कामावर, कोण आणून सोडणार? मग या बायकांनी उलटा विचार केला. मूल शाळेत येत नाही ना, तर शाळा मुलाच्या अंगणात जाईल. वस्तीतल्या अंगणातच वर्ग भरायला लागला. अंगणातली वाडी, ती अंगणवाडी. आपण रोज वापरतो तो शब्द असा आला.

आणि तिथे शिकवायचं काय? आंघोळ, नखं, केस, हातपाय धुणं, इथून सुरुवात. दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी यात काय काय आहे बघा. रोज त्याच क्रमाने होणारी गोष्ट मूल ओळखायला लागतं, पुढे काय येणार हे त्याला कळतं. आंघोळ घालताना 'हात दे, पाय दे' म्हटलं की शब्द आणि शरीर जोडलं जातं. तांब्या स्वतः धरला की हाताला जमतं आणि 'मी केलं' हा भाव येतो. महाग साधनांऐवजी शिंपले, खडे, बिया, पानं, माती. लहान-मोठं लावायचं, रंग वेगळे करायचे, मोजायचं. आम्हा इंजिनिअर लोकांच्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर बदललं, लॉजिक तेच ठेवलं.

1957 मध्ये काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या भागात गेलं. ताराबाई तेव्हा 65 वर्षांच्या होत्या. इथे नवीच अडचण. मोठी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, कारण त्यांच्या कडेवर धाकटं भावंड असायचं! मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. तिचं नाव विकासवाडी. ताई वर्गात आणि धाकटा शेजारीच खेळतोय. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणावर नेली, ती कुरणशाळा.

ताराबाई 1973 मध्ये गेल्या. दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 ला, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, 33 प्रकल्पांपासून. तिच्या केंद्रांचं नाव अंगणवाडी. नाव देशभर पोचलं, पण सगळी कल्पना पोचली का? तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथे पूर्वप्राथमिक शिक्षण आहे. दोन वर्षांचं मूल मात्र बरीच वर्षं प्रामुख्याने वजन, लसीकरण आणि घरी न्यायचा आहार यांतच दिसलं. जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांशी खेळायचं, बोलायचं कसं, यासाठी 'नवचेतना' हा राष्ट्रीय आराखडा यायला 2024 उजाडलं. आणि तो राबवायचा कोणी? सेविकेने. जिला आजही पगार नाही, मानधन मिळतं.

मला हेच टोचतं. रोमच्या गरीब वस्तीतून निघालेली कल्पना माझ्या फोनवर दीड हजारांना विकली जाते. तीच कल्पना ज्यांनी शिंपल्यांवर आणून दाखवली, त्यांचा शब्द मात्र आपण 'खिचडी मिळते ती जागा' एवढाच ठेवला. घराजवळची अंगणवाडी तुम्ही शेवटची आतून कधी पाहिलीत? मी या आठवड्यात पहिल्यांदा जाणार आहे. कसं वाटलं ते पुढच्या भागात सांगतो.

आणि हो, तो लाकडी सेट कपाटात आहे. वाट्या मात्र रोज खाली येतात. भेटूया!