पंचायतीचे दप्तर आणि आपली नावे

रस्ता, नळ, दिवाबत्ती ही पंचायतीची कामे सर्वांना दिसतात. दप्तराचे काम मात्र अडल्याशिवाय आठवत नाही. वडिलांचे घर मुलाच्या नावावर करायला जावे, तेव्हा कळते की तीन कागदांवर तीन नावे आहेत. कोळार आणि बिदर-कलबुर्गी भागातल्या आपल्या मराठी घरांना हा अनुभव नवा नाही. म्हणून सभासदांसाठी ही माहिती एकत्र देत आहोत.

कार्यालयात कोण काय पाहते

महाराष्ट्रातले पाहुणे सरपंच, ग्रामसेवक म्हणतात. आपल्याकडे अध्यक्ष आणि पंचायत विकास अधिकारी, म्हणजे पीडीओ. कारभार 1993 च्या कर्नाटक पंचायत राज कायद्याने चालतो. सभांचे ठराव, पत्रव्यवहार आणि नोकरवर्ग पीडीओंच्या देखरेखीखाली असतो. घरपट्टी, पाणीपट्टी बिल कलेक्टर घेतात. संगणकावरच्या नोंदी डेटा एंट्री ऑपरेटर करतात.

कोणता कागद कुठे

घरजागेचा उतारा ई-स्वत्तु प्रणालीतून नमुना 9 व 11 मध्ये मिळतो. शेताची पहाणी महसूल खात्याची. तिच्या दुरुस्तीसाठी तहसील कार्यालयातच जावे लागते. जन्म-मृत्यूची खबर 21 दिवसांत द्यावी. वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

नाव का बदलते

बिदर आणि गुलबर्गा (आताचे कलबुर्गी) हे जिल्हे 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होते. त्यामुळे अनेक घरांत आजोबांचा कागद उर्दूत, शाळेचा दाखला मराठीत आणि आजचा उतारा कन्नडमध्ये असतो. कन्नड लिपीत ए आणि ओ यांची ऱ्हस्व व दीर्घ अशी वेगळी अक्षरे आहेत, देवनागरीत नाहीत. त्यात कुठे आडनाव आधी, कुठे नुसते आद्याक्षर. लग्नानंतर बदललेल्या नावांचा घोळ वेगळाच.

आपण काय करावे

आधार कार्ड, शाळेचा दाखला आणि उतारा शेजारी ठेवून नावे ताडून पाहा. कन्नड वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्या. आपली मुले शाळेत कन्नड शिकतात. नवा कागद मिळाला की तिथेच, खिडकीपाशी, वाचा. चूक दिसल्यास लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

तक्रारीचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क घटनेच्या कलम 350 ने दिला आहे, म्हणजे मराठीतही. तरी सोबत कन्नड प्रत जोडली तर काम लवकर होते, असा आमचा सल्ला आहे.

अर्जाचे काय झाले हे कळत नसेल तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली विचारता येते. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत असावा.

वडीलधारी मंडळी आहेत तोवर हे काम उरकून घ्यावे. कोणते नाव कोणाचे, हे त्यांनाच ठाऊक असते.