निम्म्याचा हिशेब : २००९ सालची एक आकडेमोड

हवामान परिषद जवळ आली की बातम्यांत एक वाक्य हमखास वाचायला मिळते : उत्सर्जन-कपातीचे उद्दिष्ट वाढवण्यास भारत अनुत्सुक. या अनुत्सुकतेमागचे गणित मात्र बातमीत क्वचितच येते. २००९ साली ते उघडपणे पटावर आले होते, म्हणून त्या वर्षाकडे वळतो.

जुलैमध्ये इटलीतील लाक्विला येथे जी-८ राष्ट्रांनी सामायिक ध्येय सुचवले : २०५० पर्यंत जगाचे उत्सर्जन निम्म्यावर आणावे आणि विकसित देशांनी स्वतःचे ८० टक्क्यांनी घटवावे. प्रस्ताव उदार वाटतो. पण कागद-पेन्सिल घेऊन बसू. जगाचे उत्सर्जन १०० धरा. तेव्हा विकसित आणि विकसनशील गटांचे वाटे ढोबळमानाने सारखे, म्हणजे ५० आणि ५०. विकसितांनी ८० टक्के कपात केली की त्यांच्याकडे १० उरतात, आणि एकूण ५० गाठायचे तर विकसनशील जगाला ४०. म्हणजे ज्यांच्यावर कपातीचे बंधन नाही असे म्हटले जात होते, त्यांच्याही माथी २० टक्के कपात न बोलता आलीच.

प्रामाणिकपणे सांगायचे तर दरडोई हिशेबाने ही अंतिम वाटणी तितकी विषम नाही; विकसित देशांत जगाची पंचमांशाहून कमी लोकसंख्या आहे. खरी अडचण दोन ठिकाणी आहे. एक, कार्बन डायऑक्साइड वातावरणात शतकानुशतके साचून राहतो. तापमान ठरते ते साठ्यावरून, आणि तो साठा प्रामुख्याने कोणी केला हे सर्वश्रुत आहे. अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ सालीच वातावरणातील न्याय्य वाट्याचा प्रश्न मांडला होता, आणि १९९२ च्या करारात ‘समान, परंतु भिन्न जबाबदाऱ्या’ हे तत्त्व आले. दुसरी अडचण कमी चर्चिली गेली : उरलेल्या ४० मध्ये चीनही होता. आपले दरडोई उत्सर्जन तेव्हा दीड टनाच्या आसपास, अमेरिकेचे १७ टनांहून अधिक, आणि चीनचे आपल्या कित्येक पट. गटाला मिळालेल्या वाट्यात भारताचा हिस्सा किती, याची हमी कुठेच नव्हती.

लाक्विलात भारताने दोन अंशांची मर्यादा मान्य केली, ‘निम्मे’ नव्हे. त्याच महिन्यात गुरगावात तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी हिलरी क्लिंटन यांच्यासमोरच सांगितले की कायदेशीर बंधनकारक कपात भारत स्वीकारणार नाही. आणि तरीही ३ डिसेंबरला लोकसभेत त्यांनीच घोषणा केली : २००५ च्या तुलनेत २०२० पर्यंत उत्सर्जन-तीव्रता २० ते २५ टक्क्यांनी घटवू. विरोधकांनी टीका केली. अनुभवी वाटाघाटीकारांची अस्वस्थताही लपली नाही. पंधरवड्यानंतर कोपनहेगनच्या मसुद्यातून ‘निम्मे’ गळाले. दोन अंश राहिले. त्याला सर्वांत ठाम विरोध चीनचा होता, भारत त्याच्या बाजूला उभा होता.

‘तीव्रता’ म्हणजे सकल उत्पादनाच्या दर रुपयामागचे उत्सर्जन. भागाकार असल्याने ही राशी फसवी आहे. अर्थव्यवस्था वर्षाला ७ टक्के वाढली आणि तीव्रता २ टक्के घटली, तरी एकूण उत्सर्जन जवळपास ५ टक्के वाढते. सरकारला नेमकी हीच मोकळीक हवी होती, आणि त्या काळी ती मागण्यात मला गैर दिसत नाही. मात्र देशाची सरासरी पुढे करताना देशातील श्रीमंतांचे उत्सर्जन गरिबांच्या आड लपते, हा २००७ सालचा ग्रीनपीसचा आक्षेपही खोटा नव्हता. त्याला सरकारने कधी सरळ उत्तर दिल्याचे माझ्या वाचनात नाही.

पुढे २०१५ मध्ये पुण्याचे प्रकाश जावडेकर पर्यावरणमंत्री असताना ३३ ते ३५ टक्के आणि २०२२ मध्ये ४५ टक्के असा आकडा चढत गेला. मोजपट्टी तीव्रतेचीच राहिली. २०१९ पर्यंतच ३३ टक्के घट झाल्याचे सरकारी अहवाल सांगतो. २०२५ मध्ये स्थापित वीजक्षमतेतही बिगर-जीवाश्म स्रोतांनी निम्मा टप्पा ओलांडला. पण क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष वीज वेगळी. आमच्या जबलपुरात रामपूरच्या शक्ती भवनात राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचे मुख्यालय आहे. सारणी, बिरसिंहपूर, चचाई, खंडवा येथील तिची मोठी केंद्रे आजही कोळशावरच चालतात.