अपत्य-सवलती व कुटुंबलाभ (बेलूर-धारवाड)

मुले असलेल्या कुटुंबांना प्राप्तिकरातील सूट, रोख रक्कम, ठेव, विमा वा रजा या रूपांत मिळणारे सरकारी साहाय्य. अमेरिकेत दर मुलामागे ठरावीक रक्कम देय करातूनच वळती होते, ब्रिटनमध्ये भत्ता मिळतो. भारतात अशी एकसंध व्यवस्था नाही. लाभ वेगवेगळ्या खात्यांतून तुकड्यातुकड्यांनी येतो. धारवाडहून बेळगावकडे जाताना महामार्गालगत लागणारे बेलूर औद्योगिक क्षेत्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. एकाच कारखान्याच्या फाटकातून आत जाणाऱ्या कायम व कंत्राटी कामगारांच्या मुलांना येथे निरनिराळे कायदे लागू होतात.

करातील सूट. प्राप्तिकरात कुटुंबाचा विचार प्रथम चिंतामणराव देशमुख यांच्या १९५५च्या अर्थसंकल्पात झाला. विवाहितांची करमुक्त मर्यादा २,००० रुपये झाली, अविवाहितांची १,००० वर आली. पुढच्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी राजीनामा दिला आणि राज्यपुनर्रचनेत धारवाड मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या काळात मुलांचाही हिशेब आला : विवाहितास ३,००० रुपये, एक मूल असल्यास ३,३००, दोन वा अधिक असल्यास ३,६००. तिसऱ्या मुलाला काही नाही. ‘दोनपर्यंत’ ही पुढच्या बहुतेक योजनांत दिसणारी मर्यादा करकोष्टकात अशी फार लवकर शिरली होती. ही पद्धत पुढे मोडीत निघाली.

१९६१च्या कायद्यात उरल्या त्या फुटकळ सवलती. शिक्षणभत्त्यावर दर मुलामागे दरमहा १०० रुपये व वसतिगृहासाठी ३०० रुपये सूट, तीही दोन मुलांपुरती. हे आकडे दीर्घकाळ जागचे हलले नाहीत. कलम ८०-क खाली दोन मुलांची शिकवणी फी दीड लाखाच्या एकूण मर्यादेत वजा होते. मात्र शाळेच्या पावतीवरील फक्त ‘ट्यूशन फी’ची ओळ धरली जाते; विकास निधी, देणगी आणि बसभाडे हिशेबात घेतले जात नाही, आणि पालकाचा खरा खर्च बहुधा याच ओळींत असतो. नव्या करपद्धतीत या दोन्ही सवलती नाहीत. २०२५-२६पासून तिच्यात १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर लागत नसल्याने बेलूरच्या सर्वसाधारण कामगाराच्या दृष्टीने हा सारा भाग आता इतिहासजमा आहे.

भाग्यलक्ष्मी. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबात ३१ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी कर्नाटक सरकारची ठेव योजना. त्या वेळी बी. एस. येडियुरप्पा उपमुख्यमंत्री व अर्थमंत्री होते. ठेव आयुर्विमा महामंडळाकडे राही व पालकांच्या हाती बाँड येई. आरंभी ठेव १०,००० रुपयांची होती. २००८पासून पहिल्या मुलीसाठी १९,३०० व दुसरीसाठी १८,३५० रुपये झाली, जेणेकरून अठराव्या वर्षी लाखाच्या किंचित वर रक्कम हाती यावी. आरंभीच्या तुकडीतील पहिल्या मुलीला मात्र ३४,७५१ रुपयेच. दोन वर्षे आधी जन्मल्याची ही किंमत थोडी नव्हे. जन्मनोंद, लसीकरण, आठवीपर्यंत शिक्षण आणि अठरापूर्वी लग्न नाही, या मुख्य अटी. २०२०-२१पासून विमा महामंडळाची जागा टपाल खात्याने घेतली : सुकन्या समृद्धी खात्यात सरकार दरवर्षी ३,००० रुपये पंधरा वर्षे भरते. एकरकमी पैसा शिक्षणाकडे जातो की लग्नाकडे, याविषयी मतभेद आहेत.

भाग्यलक्ष्मीसाठी लागणाऱ्या बीपीएल (दारिद्र्यरेषेखालील) कार्डासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १.२० लाख, म्हणजे महिना १०,००० रुपये. कायम कामगार या रेषेच्या बराच वर असतो. कंत्राटी कामगार तिच्या आसपास घुटमळतो. ओव्हरटाइमच्या चार महिन्यांनीही त्याचे गणित बदलू शकते.

प्रसूतिलाभ. मासिक वेतन २१,००० पर्यंत असलेली विमाधारक स्त्री कर्मचारी राज्य विमा योजनेकडून (ईएसआय) पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांचे वेतन घेते, तिसऱ्यासाठी १२ आठवड्यांचे. २०१७च्या दुरुस्तीने ५० वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेस पाळणाघर बंधनकारक झाले. विमा नसलेल्या मातेस प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यातील आश्वासन ‘किमान ६,०००’ असे, अपत्याच्या क्रमाचा उल्लेख न करता आहे.

सीमाभागातील प्रश्न. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत मराठी कुटुंबांत अजून टिकून आहे. धारवाडला दिलेली मिरजेची लेक मिरजेत बाळंत झाली, की जन्मनोंद तिथेच होते आणि दाखला महाराष्ट्राचा येतो. तायी कार्ड (गरोदर मातेचे नोंदकार्ड) व रेशनकार्ड मात्र कर्नाटकाचे. महाराष्ट्राची ‘लेक लाडकी’ (१ एप्रिल २०२३ पासून, पिवळे वा केशरी रेशनकार्ड, जन्मापासून अठरापर्यंत टप्प्याटप्प्याने १,०१,००० रुपये) राज्यातील रहिवाशांसाठी असल्याने अशा नातीला माहेरचा लाभ मिळत नाही. सासरच्या अंगणवाडीत परप्रांतीय दाखला पुढे करून भाग्यलक्ष्मीचा अर्ज भरावा लागतो, आणि जन्मनोंदीच्या दाखल्यावर बाळाचे नाव घालायचे राहिले असेल तर मिरजेची आणखी एक फेरी होते.

गृहलक्ष्मी. ऑगस्ट २०२३ पासून कुटुंबप्रमुख स्त्रीस दरमहा २,००० रुपये. मुलांच्या संख्येशी संबंध नाही. प्राप्तिकर वा जीएसटी भरणारी कुटुंबे वगळली आहेत.

गोवा. शेजारच्या या राज्यात मुलींसाठी २०१२पासून ‘लाडली लक्ष्मी’. रक्कम एक लाख रुपये.